जुन्या टॅबवर नवी अँड्रॉइड प्रणाली कशी बसवावी

२०२० च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर भरू लागल्या, तेव्हा सांगली-मिरजेकडच्या बऱ्याच घरांनी पोटाला चिमटा काढून मुलांसाठी टॅब घेतले. ती मुले आता शिकायला पुण्याला किंवा कोल्हापूरला गेली आणि टॅब मागे राहिले. तासगावला माझ्या थोरल्या ताईकडे असाच एक टॅब आहे. तो सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए७ असून त्याचा पडदा १०.४ इंची आणि रॅम ३ जीबी आहे. बेदाण्याच्या शेडवरची हजेरी, संध्याकाळचे कीर्तन आणि मुलाशी व्हिडिओवर बोलणे एवढ्या तीन कामांसाठी ताई तो वापरते. हा टॅब २०२० मध्ये अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आला, कंपनीने त्याला अँड्रॉइड १२ पर्यंत नेले आणि तिथे थांबवले. पडद्यावर ओरखडा नाही आणि ७०४० एमएएचची बॅटरी अजून दिवसभर पुरते, म्हणजे यंत्र धडधाकट आहे आणि म्हातारी झाली आहे ती केवळ आतली प्रणाली. “अरे, एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा घेऊया की,” असे ताईचे म्हणणे होते. मी टॅब विश्रामबागेतील माझ्या घरी आणला आणि दोन संध्याकाळी त्यावर काम केले. प्रत्यक्ष प्रणाली बसवण्यास त्यांतला जेमतेम पाऊण तास लागला. उरलेला वेळ ठरवण्यात आणि तयारीत गेला, आणि तो तसाच जावा असे माझे मत आहे.

आधी नेमके काय बिघडले आहे ते पाहावे

जुन्या टॅबचे दुखणे तीन निरनिराळ्या प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात संकेतस्थळ उघडताना ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा येतो. अशा वेळी सर्वप्रथम टॅबवरची तारीख तपासावी, कारण बॅटरी पूर्ण उतरून महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या टॅबची तारीख मागे गेलेली असते आणि त्यामुळे संकेतस्थळांची ओळख पटवणारी सर्व प्रमाणपत्रे त्याला अवैध वाटतात. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल आणि प्रणाली अँड्रॉइड ७.१.१ पेक्षा जुनी असेल, तर कारण खोलवरचे आहे. जगातील असंख्य संकेतस्थळे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची विनामूल्य प्रमाणपत्रे वापरतात आणि त्या संस्थेचे मूळ प्रमाणपत्र ७.१.१ पूर्वीच्या अँड्रॉइडला ओळखताच येत नाही. एका जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधाराने काही वर्षे निभावून नेण्यात आले, परंतु ती सोय ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. फायरफॉक्स हा ब्राउझर विश्वासार्ह प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो, त्यामुळे टॅबवर तो आधीपासून असेल तर तीच संकेतस्थळे त्यातून उघडतात. टॅब केवळ वाचनासाठी हवा असेल, तर एवढ्यावरच काम भागू शकते.

दुसऱ्या प्रकारात प्ले स्टोअर ‘हे ॲप तुमच्या डिव्हाइसवर चालत नाही’ असे सांगते, म्हणजे ॲपने मागितलेली अँड्रॉइड आवृत्ती टॅबकडे नसते. तिसऱ्या प्रकारात तक्रार काहीच नसते. सगळे चालत असते, पण सुरक्षा पॅचची, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्तीची, तारीख दोन-तीन वर्षे मागे राहिलेली असते. ताईचा टॅब या तिसऱ्या प्रकारातला होता. ही तारीख सेटिंग्जमध्ये टॅबलेटविषयीच्या भागात, सॉफ्टवेअर माहितीखाली दिसते. टॅब निव्वळ मंद झाला आहे, एवढीच तक्रार असेल तर मात्र नवी प्रणाली हा तिच्यावरचा उतारा नव्हे. साठवण काठोकाठ भरली की बहुतेक टॅब मंदावतात. व्हॉट्सअॅपवरून आलेले सुप्रभातचे चार हजार फोटो काढून टाकल्यावर टॅब पुन्हा धावू लागल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

नवी प्रणाली घेण्याचा पहिला मार्ग नेहमी कंपनीचाच असावा. सेटिंग्जमधील सॉफ्टवेअर अपडेट या पर्यायात जाऊन ‘डाउनलोड आणि इन्स्टॉल’ हे निवडावे आणि ‘सॉफ्टवेअर अद्ययावत आहे’ असे उत्तर येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा करावे, कारण कपाटात पडून राहिलेल्या टॅबला एकामागून एक चार-पाच अपडेट मिळणे नवलाचे नाही. पुढे दुसरी प्रणाली बसवायची असली तरी ही पायरी चुकवू नये. नव्या प्रणालीला खालचे फर्मवेअर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर, बहुधा कंपनीच्या शेवटच्या आवृत्तीचे लागते.

आयपॅड असेल तर ॲपल देईल ते अपडेट घ्यावे आणि विषय तिथेच संपवावा. पाचव्या पिढीचा आयपॅड आयपॅडओएस १६ वर, सहाव्या पिढीचा १७ वर आणि सातव्या पिढीचा १८ वर थांबला आहे. त्यापुढे जाण्याचा सर्वसामान्यांसाठी मार्ग नाही. विंडोजच्या २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवणीच्या लहान टॅबांचेही तसेच आहे, कारण विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

लिनेजओएस म्हणजे काय आणि ते प्रत्येक टॅबवर का चालत नाही

अँड्रॉइडचा मूळ गाभा मुक्त स्रोत असल्यामुळे कंपनीने सोडून दिलेल्या उपकरणांसाठी स्वयंसेवक त्याच्या नव्या आवृत्त्या तयार करू शकतात. या क्षेत्रातील सर्वांत स्थिर प्रकल्प लिनेजओएस हा असून सायनोजेनमॉड हा पूर्वीचा प्रकल्प बंद पडल्यावर डिसेंबर २०१६ मध्ये तो सुरू झाला. त्याचे आवृत्ती क्रमांक अँड्रॉइडच्या क्रमांकांशी जुळत नाहीत, त्यामुळे नवख्याचा घोटाळा होतो: लिनेज १८.१ म्हणजे अँड्रॉइड ११, लिनेज २० म्हणजे अँड्रॉइड १३, २१ म्हणजे १४ आणि २२ म्हणजे १५.

संगणकावर विंडोजची एकच प्रत कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर बसते, मग टॅबवर का नाही, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. संगणकाचे फर्मवेअर आपल्यात कोणकोणते भाग आहेत हे प्रणालीला स्वतःहून सांगते. टॅबमध्ये तशी सोय नसते. पडदा कोणता, स्पर्श ओळखणारी चिप कोणती, कॅमेरा कोणत्या तारेवर जोडला आहे हे सारे त्या मॉडेलसाठी बांधलेल्या कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या सर्वांत आतल्या थरात, लिहून ठेवावे लागते. म्हणून प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी फाइल लागते आणि ती कोणीतरी सांभाळत असावी लागते. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर गूगलने ही गुंतागुंत कमी करण्यासाठी ट्रेबल नावाची रचना आणली आणि त्यानंतरच्या उपकरणांवर सर्वांना चालणारी एक सर्वसाधारण प्रणाली-फाइल बसवता येऊ लागली. पण त्या वाटेने गेल्यास कधी कॅमेरा बंद, कधी आवाज गप्प असे प्रकार होतात, म्हणून घरच्या वापरासाठी मी ती सुचवत नाही.

यातून एकच नियम निघतो. आपल्या नेमक्या मॉडेलचे पृष्ठ लिनेजओएसच्या अधिकृत संकेतस्थळावर असेल आणि तिथली ताजी फाइल गेल्या काही आठवड्यांतली असेल, तरच पुढे जावे. ‘नेमके’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा. टॅब ए७ चे वायफाय मॉडेल एसएम-टी५०० आहे आणि सिमकार्डाचे मॉडेल एसएम-टी५०५ आहे. दिसायला दोन्ही जुळी भावंडे, पण फाइली वेगळ्या. मॉडेल क्रमांक खोक्यावरून किंवा दुकानाच्या पावतीवरून न घेता टॅबच्या सेटिंग्जमधून वाचावा. टॅब ए७ ची ही दोन्ही मॉडेले, तसेच टॅब एस५ई आणि टॅब एस६ लाइट यांना अधिकृत आधार मिळालेला आहे. बिननावाच्या स्वस्त टॅबांचे पृष्ठ बहुधा सापडणार नाही, आणि न सापडल्यास अनोळखी ठिकाणावरून मिळालेली फाइल टॅबवर चढवण्याचा मोह टाळावा.

काही टॅब तर या कामासाठी हातातच घेऊ नयेत. पाठ फुगलेला टॅब घेऊ नये. त्याची बॅटरी सुजलेली असते आणि तो चार्ज करणेही धोक्याचे असते. १ जीबी रॅमचा टॅब घेऊ नये, कारण नवी प्रणाली त्याला आणखीच जड होईल. शाळेने, शिकवणीने किंवा कार्यालयाने दिलेला आणि त्यांच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरने बांधलेला टॅब आपला नसतो. तो मोकळा करून देण्याची विनंती देणाऱ्याकडेच करावी. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला, तिथल्या मोबाइल कंपनीकडून घेतलेला सॅमसंग टॅब असेल तर त्याचा बूटलोडर, म्हणजे टॅब सुरू होताना प्रणाली चालू करणारा आणि बाहेरची प्रणाली अडवणारा भाग, सहसा उघडतच नाही.

जे गमवावे लागते त्याचा हिशेब आधी मांडावा. सॅमसंग टॅबचा बूटलोडर उघडून वेगळी प्रणाली चढवली की नॉक्स नावाचा सुरक्षा-फ्यूज कायमचा उडतो; नंतर कंपनीची मूळ प्रणाली परत बसवली तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी परत येत नाहीत, आणि वॉरंटी उरली असेल तर तिच्यावरही पाणी सोडावे लागते. चित्रपट दाखवणाऱ्या काही सेवा अशा टॅबवर कमी स्पष्टतेचे चित्र देतात. बँकांची आणि पैसे पाठवण्याची ॲप्स टॅबची सुरक्षा तपासतात आणि बूटलोडर उघडा दिसल्यास चालण्यास नकार देऊ शकतात. ती चालवून दाखवण्याच्या युक्त्या सांगणारे बरेच भेटतील, पण पैशाच्या व्यवहाराशी असे खेळ करू नयेत. ताईची बँक तिच्या मोबाइलवर आहे, म्हणूनच मी या कामाला हात घातला. ज्याचे यूपीआय टॅबवरच चालते, त्याने कंपनीच्या शेवटच्या आवृत्तीवर थांबलेले बरे.

तयारी

या कामात टॅबवरचे सर्व काही पुसले जाते आणि पुसलेले परत येत नाही. फोटो आणि व्हिडिओ संगणकावर उतरवून घ्यावेत आणि त्यांतले चार-दोन उघडून पाहावेत. व्हॉट्सअॅप टॅबवर असल्यास त्याचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर ताजा करावा. डाउनलोडच्या फोल्डरकडे कुणाचे लक्ष जात नाही आणि नेमके तिथेच सातबारा, विम्याची पावती, मुलांच्या गुणपत्रिका असे दस्तऐवज पडलेले असतात. नोंदींचे ॲप, ऑथेंटिकेटरचे सांकेतिक अंक आणि जमाखर्चाची ॲप्स यांचा बॅकअप गूगल खात्यात आपोआप जातोच असे नाही. प्रत्येक ॲप उघडून खात्री करावी. ताईची हजेरी एका साध्या नोंदवहीच्या ॲपमध्ये होती आणि ती मी फाइल करून स्वतःला ईमेलने पाठवली. मेमरी कार्ड काढून बाजूला ठेवावे. शेवटी टॅबमधून गूगल आणि सॅमसंग ही दोन्ही खाती काढून टाकावीत, आणि त्याआधी त्यांचे पासवर्ड ठाऊक आहेत याची खात्री करून घ्यावी.

विंडोजचा संगणक किंवा लॅपटॉप, सॅमसंगचा यूएसबी ड्रायव्हर, सॅमसंग टॅबवर फाइल चढवणारे ओडिन हे साधन आणि संगणकावरून टॅबला आज्ञा देणारी गूगलची प्लॅटफॉर्म टूल्स एवढी सामग्री लागते. ओडिन हे कंपनीचे अंतर्गत साधन असून ते सर्वसामान्यांसाठी जाहीरपणे दिलेले नाही. त्यामुळे त्याच्या नावाने भेसळ केलेल्या प्रती फिरतात, हे ध्यानात ठेवून ते मिळवताना सावध राहावे. केबल मात्र माहिती वाहून नेणारी हवी. बाजारातल्या स्वस्त केबलींपैकी बऱ्याच केवळ चार्जिंगच्या असतात. अशाच एका केबलीपायी माझा पूर्वी एक अख्खा रविवार वाया गेला आहे. ड्रायव्हर तीनदा काढून तीनदा बसवला आणि दोष होता त्या केबलीत. टॅब जोडल्यावर त्यातले फोटो संगणकावर दिसले तर केबल योग्य समजावी. ती लॅपटॉपच्या खाचेत थेट लावावी, हबमधून नेऊ नये.

उतरवून घेण्याच्या फाइली तीन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार लिनेजओएसची रिकव्हरी, म्हणजे मुख्य प्रणाली चढवण्यासाठी आधी बसवायचा छोटा स्वतंत्र भाग, आणि मॉडेलच्या पृष्ठावर सांगितली असल्यास तिच्यासोबतची व्हीबीमेटा नावाची छोटी फाइल. दुसरी, सुमारे १ जीबीची मुख्य प्रणाली. तिसरी, प्ले स्टोअर हवे असल्यास माइंडदगॅप्स हा गूगल ॲप्सचा संच, कारण लिनेजओएसमध्ये गूगलची ॲप्स मुळात नसतात. हा संच निवडताना अँड्रॉइडची आवृत्ती आणि प्रक्रियक ३२ बिटांचा की ६४ बिटांचा, या दोन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. संकेतस्थळावर प्रत्येक फाइलशेजारी एसएचए-२५६ नावाचा लांबलचक तपासणी अंक दिलेला असतो. विंडोजमधील सर्टयुटिल या साधनाने आपल्या फाइलचा अंक काढून तो ताडून पाहावा. इंटरनेट मध्येच तुटून अर्धवट उतरलेली फाइल नावाने आणि रूपाने अगदी पूर्ण फाइलसारखी दिसू शकते.

यांखेरीज कंपनीची मूळ फर्मवेअर फाइलही आधीच उतरवून ठेवावी. ती परतीची वाट आहे. तिच्या आवृत्तीच्या नावात उजवीकडून पाचवे अक्षर पाहावे. ते टॅबवरच्या सध्याच्या आवृत्तीतील पाचव्या अक्षराइतके किंवा त्याहून वरचे असावे लागते. त्याहून खालच्या आवृत्तीवर सॅमसंगचा बूटलोडर परत जाऊ देत नाही.

काम सुरू करताना टॅबची आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी. आमच्याकडे वळवाचा पाऊस सुरू झाला की वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि फाइल चढत असताना जुन्या बॅटरीचा संगणक बंद पडणे परवडणारे नाही. मी आभाळ पाहून दिवस निवडला, याचे घरात हसे झाले. पण माझा त्याला इलाज नाही. टॅबची भाषा मराठी असल्यास काम होईपर्यंत ती इंग्रजी करून घ्यावी, म्हणजे सूचनांमधील आणि पडद्यावरची नावे जुळतील.

प्रत्यक्ष काम

सेटिंग्जमध्ये टॅबलेटविषयीच्या भागात सॉफ्टवेअर माहिती उघडून बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारावी. डेव्हलपर पर्याय हा नवा भाग दिसू लागेल. त्यातील ओईएम अनलॉकिंग हा बूटलोडर उघडू देणारा पर्याय सुरू करावा. तो दिसत नसेल तर टॅब इंटरनेटला जोडून ठेवावा, एकदा बंद करून सुरू करावा आणि पुन्हा पाहावे. काही टॅबांवर तो उगवण्यास काही दिवसही लागतात.

आता टॅब पूर्ण बंद करावा. आवाज वाढवण्याचे आणि कमी करण्याचे अशी दोन्ही बटणे एकत्र दाबून धरावीत आणि त्याच स्थितीत संगणकाला जोडलेली केबल टॅबला लावावी. निळसर इशाऱ्याचा पडदा येईल. तिथे आवाज वाढवण्याचे बटण लांब दाबले की बूटलोडर उघडायचा का, असे विचारले जाते आणि होकार दिल्यावर टॅब स्वतःला पुसून नव्याने सुरू होतो. त्यावर खाती न जोडता प्राथमिक मांडणी पूर्ण करावी, वायफाय जोडावे, सात टिचक्यांचा विधी पुन्हा करावा आणि ओईएम अनलॉकिंग सुरूच आहे ना, हे पाहावे. ही खातरजमा घाईत वगळली जाते आणि पुढे ओडिन नकार देते तेव्हा कारण सापडत नाही.

टॅब पुन्हा बंद करून त्याच पद्धतीने इशाऱ्याच्या पडद्यावर यावे, पण या वेळी आवाज वाढवण्याचे बटण केवळ एकदा हलकेच दाबावे, म्हणजे डाउनलोड स्थिती येईल. संगणकावर ओडिन उघडावे; टॅब ओळखला गेला की वरचा चौकोन निळा होतो. पर्यायांमध्ये जाऊन ‘ऑटो रीबूट’ समोरची खूण काढावी. मॉडेलच्या पृष्ठावर सांगितलेल्या क्रमाने व्हीबीमेटा आणि रिकव्हरीच्या फाइली एपी या खान्यात घालून सुरुवात करावी. काही सेकंदांत हिरव्या रंगात ‘पास’ असे उमटेल.

यानंतरचा अर्धा मिनिट सर्वांत नाजूक आहे. टॅब जर सॅमसंगच्या जुन्या प्रणालीत सुरू झाला, तर ती प्रणाली आपली रिकव्हरी पुसून स्वतःची परत बसवते. ऑटो रीबूटची खूण काढायची ती यासाठीच. केबल जोडलेलीच ठेवून आवाज कमी करण्याचे आणि पॉवरचे बटण एकत्र दाबून धरावे. पडदा काळा होताक्षणी पॉवरचे बटण न सोडता दुसरे बोट आवाज वाढवण्याच्या बटणावर न्यावे आणि लिनेजओएसचे चिन्ह दिसेपर्यंत दोन्ही धरून ठेवावीत. माझी पहिली खेप चुकली आणि रिकव्हरी पुन्हा चढवावी लागली. असे झाले तरी बिघडत काही नाही, डाउनलोड स्थितीपासून पुन्हा सुरुवात करायची एवढेच.

रिकव्हरीच्या पडद्यावर प्रथम ‘फॅक्टरी रीसेट’मध्ये जाऊन ‘फॉरमॅट डेटा’ हे निवडावे. जुन्या प्रणालीने आपला डेटा स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद केलेला असतो आणि नव्या प्रणालीला ते कुलूप उघडता येत नाही. फॉरमॅट न केल्यास टॅब सुरू होताना चिन्हापाशीच फिरत राहतो. मग मागे येऊन ‘अप्लाय अपडेट’ आणि त्याखालील ‘अप्लाय फ्रॉम एडीबी’ निवडावे. संगणकावर प्लॅटफॉर्म टूल्सच्या फोल्डरमध्ये मुख्य फाइल आधीच आणून तिला छोटे नाव द्यावे. तिथेच कमांडची खिडकी उघडून एडीबी (adb), साइडलोड (sideload) आणि विस्तारासह फाइलचे नाव असे तीन शब्द, मध्ये एकेक मोकळी जागा सोडून, रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावेत आणि एंटर दाबावे.

टक्के चढू लागतात आणि अनेकदा ४७ वर थांबतात. खिडकीत ‘फेल्ड’ हा शब्द आणि त्यापुढे ‘सक्सेस’ किंवा ‘नो एरर’ असे परस्परविरोधी वाक्य दिसते. हे अपयश नव्हे; टॅबच्या पडद्यावर काम पूर्ण झाल्याचे लिहिलेले असेल तर सर्व ठीक आहे. या एका आकड्यापाशी घाबरून केबल ओढून काढणारे मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

गूगल ॲप्सचा संच टॅब पहिल्यांदा सुरू होण्याआधी, याच बैठकीत चढवावा लागतो. नंतर आठवले तर पुन्हा फॉरमॅटपासून सुरुवात करावी लागते. पद्धत मुख्य फाइलीचीच आहे. स्वाक्षरी पडताळता आली नाही, असा इशारा येईल. हा संच लिनेजओएसच्या किल्लीने स्वाक्षरित नसल्यामुळे तो अपेक्षितच आहे, म्हणून ‘येस’ निवडून पुढे जावे. त्यानंतर टॅब पुन्हा सुरू करावा. पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटे लागू शकतात, तेवढ्यात चहा करून घ्यावा.

अडले तर

ओडिनचा चौकोन निळा होत नसेल तर दोष बहुधा केबलीत, खाचेत किंवा ड्रायव्हरमध्ये असतो आणि तो त्याच क्रमाने शोधावा. निळा होऊनही काम ‘सेटअप कनेक्शन’पाशी अडकले तर टॅब पुन्हा डाउनलोड स्थितीत आणावा. टॅबच्या पडद्यावर केवळ अधिकृत फाइलीच चढवता येतील अशा अर्थाची लाल ओळ दिसल्यास बूटलोडर पुरता उघडलेला नाही, असे समजून ओईएम अनलॉकिंगच्या तपासणीकडे परत जावे. ही फाइल दुसऱ्या उपकरणासाठी आहे, असे रिकव्हरी सांगत असेल तर तिचे ऐकावे. मॉडेल क्रमांक वाचण्यात आपली चूक झालेली असते. यांपैकी काहीच लागू पडले नाही, तर जपून ठेवलेली मूळ फर्मवेअर तिच्या सर्व भागांसह ओडिनने चढवली की टॅब कंपनीच्या प्रणालीवर परत येतो.

सुरू झाल्यानंतर

दर वेळी टॅब सुरू होताना बूटलोडर उघडा असल्याचा इशारा काही क्षण दिसेल. तो घालवण्यासाठी बूटलोडर पुन्हा बंद करू नये. बाहेरची प्रणाली असताना तसे केल्यास टॅब सुरू होण्याचेच नाकारतो. घरच्या माणसांना या इशाऱ्याची कल्पना द्यावी, नाहीतर पहिल्याच सकाळी “टॅबला व्हायरस आलाय” असा फोन येतो. मला तो आला.

खाते जोडून ॲप्स परत आणताना आधी होती ती सगळी न आणता लागतील तेवढीच आणावीत. भाषा परत मराठी करावी, अक्षरांचा आकार एक पायरी वाढवावा आणि कॅमेरा, ध्वनिवर्धक, ब्लूटूथ व सिमचे मॉडेल असल्यास मोबाइल डेटा हे सर्व पहिल्याच दिवशी तपासून घ्यावे, म्हणजे परत फिरायचे झाल्यास नवा डेटा साठण्याआधी फिरता येईल. ताईच्या टॅबवर हे सगळे ठीक चालले. हजेरीची फाइल नोंदवहीत परत आली आणि कीर्तन पूर्वीसारखेच लागू लागले.

यापुढची लहान अपडेट सेटिंग्जमधील अपडेटर या भागातून टॅबवरच मिळतात, त्यांना संगणक लागत नाही आणि डेटाही जागच्या जागी राहतो. अँड्रॉइडची आवृत्ती बदलणारे मोठे अपडेट मात्र पुन्हा केबल जोडून रिकव्हरीतूनच चढवावे लागते. त्या वेळी डेटा फॉरमॅट करावा लागत नाही, पण गूगल ॲप्सचा नव्या आवृत्तीशी जुळणारा संच टॅब सुरू करण्याआधी त्याच बैठकीत चढवावा, आणि त्याच्या आदल्या रात्री बॅकअप घेऊन ठेवावा.